सेंट्रोफोरस अर्थात गल्पर शार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोल समुद्रातल्या मुश्यांबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. त्यामुळे एखाद्या क्रीमच्या बाटलीवर 'स्क्वालेन' (शार्कच्या यकृताच्या तेलातूनही मिळणारं द्रव्य) वाचून किंवा कोचीच्या बंदरातला हिरव्या डोळ्यांच्या माशाचा फोटो बघून लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण या माशाची गोष्ट त्याच्या यकृताभोवती आणि त्याच्या पिल्लांभोवती फिरते आणि या दोन्ही गोष्टी दोन ओळींत आटोपण्यासारख्या नाहीत.

सेंट्रोफोरस म्हणजे नेमका कोणता मासा?

हे एका माशाचं नाव नाही, प्रजातीचं नाव आहे. त्या प्रजातीत साधारण पंधरा जाती येतात. शाळेत आपण कास्थिमत्स्य आणि अस्थिमत्स्य असे दोन वर्ग शिकतो. बांगडा, पापलेट, सुरमई यांचा सांगाडा हाडांचा असतो, तर मुशी, पाकट आणि वागळी यांचा कास्थींचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक. सेंट्रोफोरस या कास्थींच्या घरातला. योहानेस म्युलर आणि याकोब हेनले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८३७ मध्ये ही प्रजाती वेगळी काढली. नाव ग्रीक आहे: 'केंत्रोन' म्हणजे काटा आणि 'फोरोस' म्हणजे वाहणारा. पाठीवर काटा वागवणारा मासा, असा सरळ अर्थ.

मराठीत याला काय म्हणतात?

स्वतंत्र नाव नाही, कारण आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात हा येतच नाही. मुंबईकडे लहान शार्कला मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. तोच शब्द वापरून याला 'खोल समुद्रातली मुशी' म्हणता येईल. इंग्रजीतलं 'गल्पर शार्क' हे नाव जगभर चालतं, म्हणून या पानावर तेही वापरलं आहे. एक खुलासा इथेच करतो: इंटरनेटवर अवाढव्य जबड्याचा, फुग्यासारखा फुगणारा 'गल्पर ईल' दिसतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो हाडांचा, वामसारखा लांबट मासा आहे.

हातात आला तर ओळखायचा कसा?

मासा जमिनीवर आडवा ठेवा आणि घाई करू नका.

आधी पोटाकडची बाजू बघा. गुदद्वार आणि शेपूट यांच्यामध्ये बहुतेक मुश्यांना एक लहान पर असतो. इथे तो नाही, पोट शेपटीपर्यंत सपाट जातं. मग पाठीकडे या. पाठीवर दोन पर आहेत आणि प्रत्येकाच्या पुढच्या कडेला एक मजबूत काटा आहे. काट्याच्या बाजूवरून नख फिरवा, उभी खाच लागेल. शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावा. तिथे आडवी धार नसते, गुळगुळीत लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. छातीचा पर अंगापासून जरा उचला आणि त्याचं आतलं, मागचं टोक बघा. इतर मुश्यांमध्ये ते गोलसर असतं. सेंट्रोफोरसमध्ये तिथून एक लांब, अणकुचीदार कोपरा मागे निघालेला असतो, सदऱ्याच्या कॉलरचं टोक ओढून लांब करावं तसा. काही जातींत हे टोक पाठीवरच्या पहिल्या पराच्या काट्यापर्यंत किंवा त्याच्याही मागे पोचतं. एकदा बघितलं की ही खूण विसरत नाही.

शेवटी तोंड उघडा. वरचे दात लहान, एकाच टोकाचे आणि बऱ्यापैकी सरळ. खालचे दात त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, रुंद आणि जबड्याच्या कोपऱ्याकडे कललेले. ते एकमेकांवर असे बसलेले असतात की खालचा जबडा म्हणजे करवतीचं एक सलग पातं वाटतं. वरच्या दातांनी धरायचं आणि खालच्या पात्याने कापायचं, अशी ही रचना.

याच्यासारखे दिसणारे दुसरे मासे कोणते?

तीन मासे घोटाळ्यात टाकतात. पहिला स्क्वालस, म्हणजे काट्याची डॉगफिश. तिलाही गुदाकडचा पर नसतो आणि पाठीवर काटे असतात, पण काट्यांना खाच नसते, शेपटीच्या बुंध्याला दोन्हीकडे धार असते आणि वरचे-खालचे दात एकसारखे असतात. दुसरा डिएनिया. हा सेंट्रोफोरसच्याच कुळातला सख्खा भाऊ, पण त्याचं नाकाड लांब, चपटं, चोचीसारखं असतं. तिसरा एट्मोप्टेरस, म्हणजे कंदील शार्क. तो लहान असतो, पोटाखाली प्रकाश देणारे अवयव बाळगतो आणि त्याचा पाठीवरचा दुसरा पर पहिल्यापेक्षा मोठा असतो. सेंट्रोफोरसला स्वतःचा उजेड नाही.

डोळे इतके हिरवे का?

ताज्या माशाचा डोळा बघितल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. डोळा मोठा, लांबट गोल असतो आणि आतून हिरवा चमकतो. रात्री बॅटरीच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात, त्यामागचंच कारण इथेही आहे. दृष्टिपटलाच्या मागे परावर्तन करणारा थर असतो. एकदा हुकलेला प्रकाशाचा कण तो परत पटलावर फेकतो, म्हणजे डोळ्याला तो टिपायची दुसरी संधी मिळते. पाचशे मीटरवर उजेड जवळपास संपलेला असतो, त्यामुळे अशी प्रत्येक संधी मोलाची. मासा बर्फात जरा वेळ राहिला की ही चमक विझते, म्हणून जुन्या नमुन्यांच्या फोटोंत ती दिसत नाही.

किती खोल राहतो आणि खातो काय?

बहुतेक जाती खंडाच्या उतारावर, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र झपाट्याने खोल होतो तिथे, सुमारे २०० ते १००० मीटर खोलीवर सापडतात. काही याहूनही खाली जातात. आपल्या कोळ्यांच्या 'वाव' या मापात ५०० मीटर म्हणजे जवळपास पावणेतीनशे वाव. खाणं लहान हाडांचे मासे, माकूळ आणि कोळंबीवर्गीय प्राण्यांचं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला काही माशांना ध्वनियंत्रं लावून त्यांचा माग काढला, तेव्हा दिसलं की ते दिवसा खोल उतरतात आणि रात्री भक्ष्याच्या मागे कमी खोलीवर चढतात. माणसाला याच्यापासून कसलाही धोका नाही. सगळ्यात मोठी जात दीड मीटरच्या थोडी पुढे जाते, लहान जाती मीटरभरही नसतात.

वायूची पिशवी नाही, मग बुडत का नाही?

हाडांच्या बऱ्याच माशांच्या पोटात वायूची पिशवी असते आणि तिच्यावर ते तरंगतात. कास्थिमत्स्यांना ती नसते. असती तरी ५०० मीटरवर पन्नास वातावरणांच्या दाबाखाली ती चेपली गेली असती. सेंट्रोफोरसने वायूऐवजी तेल वापरलं.

पोट फाडलं की जवळजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत यकृतच दिसतं. फिकट पिवळसर, मऊ, दोन लांब पाळ्यांचं. त्याचं वजन माशाच्या एकूण वजनाच्या पाव हिश्श्याइतकं आणि कधी त्याहून जास्त भरतं. माणसात हे प्रमाण दोन-अडीच टक्के असतं. या यकृतात तेल ठासून भरलेलं असतं आणि त्या तेलात स्क्वालीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०३, स्क्वालीनची ०.८६. साधा हिशेब केला तर दोन लिटर स्क्वालीन पाण्यात सुमारे ३४० ग्रॅम वजन उचलून धरतं. दहा किलोच्या माशाला पाण्यात तोलून धरायला एवढा आधार मोठा आहे. कॉर्नर, डेंटन आणि फॉर्स्टर या तिघांनी १९६९ मध्ये खोल समुद्रातल्या शार्क तोलून दाखवून दिलं की त्या पाण्यात ना बुडतात ना वर येतात, जवळपास अधांतरी राहतात. तेल दाबाखाली फारसं आकसत नाही, त्यामुळे मासा शंभर मीटर वर गेला किंवा खाली आला तरी तोल बिघडत नाही. अन्न कमी असलेल्या जागी पर हलवण्याचेही कष्ट वाचतात.

मला या माशाची ही गोष्ट फार विलक्षण वाटते. दुर्दैवाने याच तेलामुळे तो संकटात आला.

स्क्वालीन म्हणजे काय? ते आणखी कशात असतं?

कार्बनचे ३० आणि हायड्रोजनचे ५० अणू असलेला, पाण्यासारखा स्वच्छ, तेलकट द्रव. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शार्कच्या यकृतात ओळखला आणि स्क्वालस या शार्कच्या नावावरून त्याला नाव दिलं. पण तो फक्त शार्कचा नाही. आपलं शरीर कोलेस्टेरॉल तयार करताना वाटेत स्क्वालीनच बनवतं आणि आपल्या चेहऱ्यावर जो तेलकटपणा येतो त्यातही स्क्वालीन असतं. ऑलिव्ह तेलात ते थोडं असतं. राजगिऱ्याच्या तेलात त्याहून बरंच जास्त. उपवासाचा लाडू खाताना हे कुणाच्या मनातही येत नसेल.

क्रीमच्या बाटलीवर बहुधा 'स्क्वालेन' लिहिलेलं असतं. स्क्वालीन हवेत लवकर खवट होतं, म्हणून त्यात हायड्रोजन भरून टिकाऊ रूप करतात, ते स्क्वालेन.

माझ्या क्रीममधलं स्क्वालेन शार्कचं आहे का, हे कसं कळेल?

बाटली बघून कळत नाही, कारण रेणू एकच. प्रयोगशाळेत मात्र कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून समुद्रातलं आणि वनस्पतीचं वेगळं ओळखता येतं. घरबसल्या करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे लेबल वाचणं. 'वनस्पतिजन्य', 'ऑलिव्हपासून', 'उसापासून' असं स्पष्ट लिहिलं असेल तर बरं. उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून हे द्रव्य बनवण्याची पद्धत आता व्यापारात रुळली आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. युनिलिव्हर आणि लॉरियाल यांनी २००८ मध्ये शार्कचं स्क्वालीन वापरणं सोडण्याची घोषणा केली, त्यामागे अशाच प्रश्नांचा रेटा होता.

लशींमध्येही हे असतं ना? मग कोविडच्या लशीत होतं का?

फ्लूच्या काही लशींमध्ये प्रतिसाद वाढवणारं द्रव्य म्हणून स्क्वालीन वापरतात, हे खरं. एमएफ ५९ या मिश्रणाच्या एका डोसात सुमारे ९.७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक किलो स्क्वालीनमध्ये लाखभर डोस होतात. आपल्याकडे सर्वाधिक दिल्या गेलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींत स्क्वालीन नव्हतं. या माशांवरचा मोठा भार सौंदर्यप्रसाधनांचा आहे. लशीची भीती बाळगायचं कारण नाही.

शार्क तेलाच्या गोळ्या घ्याव्यात का? कॅन्सर बरा होतो म्हणतात.

बरा होत नाही. 'शार्कला कॅन्सर होत नाही' हे मुळात खोटं आहे, शार्कमध्ये गाठी सापडलेल्या आहेत. या गोळ्या कॅन्सरवर उपाय आहेत असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका आणि चालू उपचार तर अजिबात थांबवू नका. घरात कुणी आजारी असताना माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहे.

जुन्या लोकांना मुशीच्या तेलाची आठवण वेगळ्या कारणाने असते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून कॉड माशाच्या यकृताचं तेल येईनासं झालं, तेव्हा मुंबईत आणि मलबार किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. ते किनाऱ्याजवळच्या मुश्यांचं आणि 'अ' जीवनसत्त्वासाठी होतं. सेंट्रोफोरसचं तेल स्क्वालीनसाठी काढतात. दोन्ही एक समजू नयेत.

पिल्लं किती होतात?

इथे थोडं थांबून वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

हा मासा अंडी घालत नाही. पिल्लं आईच्या पोटातच, आपापल्या बलकावर वाढतात आणि पूर्ण घडूनच बाहेर येतात. एका सुरमईच्या पोटात लाखो अंडी असतात. भूमध्य समुद्रातल्या सेंट्रोफोरसच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते पोटात सुमारे दोन वर्षं राहतं. त्या एका पिल्लासाठी बनणारा बलक कोंबडीच्या अंड्याच्या कितीतरी पट मोठा असतो. काही जातींत दोन पिल्लं होतात, मोठ्या जातींत थोडी अधिक. पण मादी वयात यायलाच इतकी वर्षं घेते की आयुष्यभराची बेरीज थोडीच राहते.

वय कसं मोजतात?

पाठीवरच्या काट्यावरून. झाडाच्या खोडासारखीच काट्यातही वाढीची वलयं बसत जातात. काट्याची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजतात. ईशान्य अटलांटिकमधल्या सेंट्रोफोरस स्क्वामोससमध्ये अशी सत्तरपर्यंत वलयं मोजली गेली आहेत. म्हणजे जाळ्यात आलेला एखादा मासा आपल्या आजीच्या वयाचा असू शकतो.

मासेमारीने नेमकं काय झालं?

मालदीवमध्ये १९८० च्या सुमारास यकृताच्या तेलासाठी हा मासा धरायला सुरुवात झाली. काही वर्षं तेल चांगलं निर्यात झालं आणि दशकभरात धंदा बसला, कारण मासाच उरला नाही. २०१० मध्ये मालदीवने सगळ्याच शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली.

ऑस्ट्रेलियाचा पुरावा त्याहून बोलका आहे. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे 'कपाला' या संशोधन जहाजाने १९७६-७७ मध्ये खोल उतारावर जाळं ओढून मोजणी केली होती. वीस वर्षांनी, १९९६-९७ मध्ये, त्याच जहाजाने त्याच जागी तीच मोजणी पुन्हा केली. सेंट्रोफोरसच्या तीन जातींचं प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त घटलं होतं. हे मासे तिथे मुद्दाम धरलेही नव्हते सगळे. बरेचसे दुसऱ्या माशांबरोबर ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, आले आणि मेले.

युरोपात हे मासे 'सिकी' नावाने विकले जात. तिथे २०१० मध्ये खोल समुद्रातल्या शार्कचा कोटा शून्यावर आणला. तरीही दुसऱ्या माशांच्या जाळ्यात ते येतातच. दोन वर्षांत एक पिल्लू देणारा मासा बंदीनंतर लगेच परत येईल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर का सापडत नाही?

कारण आपल्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेही पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच. सेंट्रोफोरसच्या घराचं छप्पर जिथे सुरू होतं, तिथे पोचायला ससून डॉकच्या बोटीला आणखी बरंच बाहेर जावं लागेल. दक्षिणेकडे ही उथळ पट्टी अरुंद होत जाते. केरळसमोर खोल उतार किनाऱ्याच्या बराच जवळ येतो.

म्हणून आपल्या देशात हा मासा बघायचा तर कोचीचं मासळी बंदर. तिथे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरचे मच्छिमार येतात. शार्क धरण्यात त्यांचा हात धरणारं देशात कुणी नाही. लांब दोरीला शेकडो गळ लावून ते आठवडेच्या आठवडे बाहेर राहतात. अंदमानच्या समुद्रातही सेंट्रोफोरस मिळतो.

जातींच्या नावांत इतका गोंधळ का?

सेंट्रोफोरस ग्रॅन्युलोससचं पहिलं वर्णन १८०१ चं, सेंट्रोफोरस उयातोचं १८१० चं. त्या काळची वर्णनं चार ओळींची. वर या माशांची कातडी वयानुसार बदलते. तिच्यावरचे दातेरी खवले लहानपणी वेगळे, मोठेपणी वेगळे. त्यामुळे एकाच जातीच्या पिल्लाला एक नाव आणि मोठ्या माशाला दुसरं नाव मिळालं. २०१३ च्या फेरतपासणीत जपान आणि तैवानकडून वर्णिलेल्या दोन 'जाती' ग्रॅन्युलोससच निघाल्या. उलट २०१७ मध्ये दोन नव्या जाती वेगळ्या काढाव्या लागल्या.

याचा तोटा मोजणीला होतो. एकाच नावाखाली तीन जाती नोंदल्या जात असतील, तर त्यातली एक संपत आली तरी आकड्यात दिसत नाही.

बंदरावर असा मासा दिसला तर काय करावं?

फोटो काढा, पण कामाचे. अख्खा मासा बाजूने, शेजारी पट्टी किंवा ओळखीच्या मापाची वस्तू ठेवून. मग छातीचा पर पसरून त्याचं मागचं टोक. पाठीवरचे दोन्ही काटे. तोंड उघडून वरचे आणि खालचे दात. जमलं तर कातडीचा अगदी जवळून एक फोटो. स्क्वामोससच्या कातडीवर पानांसारखे खवले देठांवर उभे असतात आणि हात फिरवला की खरखरीत लागतात, तर ग्रॅन्युलोससचे ठोकळ्यांसारखे चपटे बसलेले असतात. बोट किती दिवस बाहेर होती आणि किती वाव पाण्यात दोर सोडली होती, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारून लिहून घ्या. ही माहिती त्याच्याशिवाय कुणाकडे नसते. मादीच्या पोटात पिल्लू होतं का, हेही मासा साफ करणाऱ्याला विचारा. मग हे सगळं केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या कोचीच्या मुख्यालयाला किंवा मुंबईच्या केंद्राला पाठवा.